वर्षातून दोन फिट, रोज दोन गोळ्या: हिशोब नेमका कशाचा करायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. भाऊ २६ वर्षांचा. सात महिन्यांत दोन फिट आल्या, दुसरी पहाटे झोपेत. एमआरआय नॉर्मल, ईईजीमध्ये (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत) डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाकडच्या भागात दोष दिसला. न्यूरोलॉजिस्टनी लेव्हेटिरासिटाम हे फिट रोखणारं औषध ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ लिहून दिलं आणि स्ट्रिप तीन आठवडे तशीच पडून आहे. भावाचं म्हणणं, "वर्षातून दोनदा दोन-दोन मिनिटं काहीतरी होतं, त्यासाठी रोज दोन गोळ्या, त्याही जन्मभर? लिव्हर-किडनीचं काय?" आई म्हणते, मुकाट्याने घे. आणि तुम्ही विचारताय की फायदा खरंच तोट्यापेक्षा मोठा आहे का.

भावाचा युक्तिवाद टाकाऊ नाही. आकडेमोडीची सवय असलेली माणसंच तो जास्त करतात. गफलत एवढीच की तो होऊन गेलेल्या दोन फिट एका पारड्यात टाकतोय आणि पुढच्या गोळ्या दुसऱ्या पारड्यात. झालेल्या फिट गोळीने पुसल्या जाणार नाहीत. तोलायची आहे ती पुढची फिट. ती किती शक्यतेने येईल, कुठे गाठेल, आणि गोळीने ती शक्यता किती कमी होईल, हे तीन प्रश्न आहेत. त्यातला मधला प्रश्न डॉक्टरपेक्षा तोच नीट सांगू शकेल: तो दुचाकी चालवतो का, यंत्रावर किंवा उंचावर काम करतो का, पोहतो का, एकटा झोपतो का. दोन मिनिटांची फिट पलंगावर आली तर अंग दुखतं, जीभ चावली जाते. तीच जिन्यावर किंवा पाण्यात आली तर दोन मिनिटं फार होतात.

त्याही आधी एक गोष्ट. त्या फिटच होत्या ना? हा प्रश्न मी प्रत्येक नव्या पेशंटच्या घरच्यांना विचारतो, कारण चुकीच्या निदानावर वर्षानुवर्षं गोळ्या खाणारी माणसं कमी नाहीत. साधी चक्कर येऊन पडलेल्या माणसाचेही हातपाय दोन-चारदा झटकतात आणि बघणारा घाबरून "फिट आली" म्हणतो. पण चक्कर येण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो आणि माणूस आडवा झाला की थोड्याच वेळात भानावर येतो. मोठ्या फिटमध्ये अंग आधी ताठ होतं, मग एका लयीत झटके येतात, चेहरा निळसर पडतो, आणि नंतर बराच वेळ माणूस कुठे आहे हे त्यालाच कळत नाही. जिभेची कड चावली गेली होती का, उशीवर रक्तमिश्रित लाळेचा डाग होता का, उठल्यावर अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं का, हे आईला विचारून लिहून ठेवा. मानसिक ताणातून येणारे फिटसारखे झटकेही असतात. त्यात बहुतेक वेळा डोळे घट्ट मिटलेले असतात, झटके कमीजास्त होत बराच वेळ चालतात आणि त्यांच्यावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. तुमच्या भावाची दुसरी फिट झोपेतली आहे, आणि झोपेत कोणी चक्कर येऊन पडत नाही. शिवाय ईईजी साथ देतोय. त्यामुळे निदानाबद्दल मला फारशी शंका वाटत नाही.

दुसरं, फिट कशामुळे तरी उद्भवली होती का? रक्तातलं सोडियम किंवा साखर एकदम खाली जाणं, रोजची दारू अचानक बंद करणं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, यांनी आलेली फिट ही वेगळी गोष्ट. तिथे मूळ कारण दूर करायचं असतं, वर्षानुवर्षं गोळी द्यायची नसते. जागरणाचं मात्र तसं नाही. जागरण हे निमित्त असतं, प्रवृत्ती आधीपासून असते. "त्या रात्री झोप झाली नव्हती म्हणून झालं" असं म्हणून फाईल बंद करू नये.

आता आकडे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कारणाशिवाय पहिली फिट आलेल्या २०४ लोकांवर लक्ष ठेवलं होतं. पाच वर्षांत साधारण तिघांतल्या एकाला दुसरी फिट आली. म्हणजे एकाच फिटनंतर थांबून बघणं हा अनेकांसाठी शहाणपणाचा निर्णय असतो. पण ज्यांना दुसरी आली, त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना पुढच्या चार वर्षांत तिसरीही आली. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये ही जी उडी आहे, तिच्यामुळेच डॉक्टर एका फिटनंतर "बघू" म्हणतात आणि दोन फिटनंतर वही पुढे ओढतात. २०१४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसारही, चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन अकारण फिट आल्या किंवा एकच आली पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा त्याहून जास्त असली, तर त्याला अपस्मार म्हणतात. तुमचा भाऊ पहिल्याच अटीत बसतो.

गोळीने काय मिळतं? ग्लासगोमधल्या एका क्लिनिकने २००० साली आपल्या पेशंटचा हिशोब मांडला. आधी कधीच औषध न घेतलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांच्या थांबल्या, आणि त्यापुढे यश झपाट्याने आटत गेलं. त्याच शहरातून २०१८ साली तीस वर्षांचा हिशोब आला. १७९५ पेशंट, आणि फिटमुक्त झालेले सुमारे ६४ टक्के. मधल्या काळात डझनभर नवी औषधं आली, पण हा आकडा जागचा फारसा हलला नाही. नव्या औषधांनी दुष्परिणामांचा जाच कमी केला, त्यांची ताकद मात्र जुन्यांपेक्षा फार वाढलेली नाही. "नवीन आलेली भारी गोळी द्या" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

गोळीने काय मिळत नाही, हेही ऐका, कारण इथे डॉक्टरांकडूनही कधी कधी अतिशयोक्ती होते. ही औषधं फिट दाबतात, फिट येण्याची मेंदूची प्रवृत्ती बदलत नाहीत. ब्रिटनमधून २००५ साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत, एक किंवा मोजक्याच फिट आलेल्या लोकांचे दोन गट केले. एकाला लगेच औषध, दुसऱ्याला गरज पडेल तेव्हा. पहिल्या काही वर्षांत लगेच औषध घेणाऱ्यांना कमी फिट आल्या. पण पाचव्या वर्षी मागे वळून पाहिलं, तर तिसऱ्या ते पाचव्या वर्षात फिटमुक्त राहिलेले एका गटात ७६ टक्के, दुसऱ्यात ७७. म्हणून "आज सुरू केली नाहीस तर मेंदू कायमचा बिघडेल" अशी भीती घालून कोणाला गोळी गिळायला लावू नये. भावाचे तीन आठवडे वाया गेलेले नाहीत. सौदा आहे तो येत्या दोन-चार वर्षांपुरता: या काळात फिटचा धोका बाळगून राहायचं, की काही दुष्परिणामांची शक्यता स्वीकारून तो कमी करायचा.

या सौद्यात एक जड गोष्ट आहे. तिच्याबद्दल बरेचसे डॉक्टर बोलायचं टाळतात, घरच्यांना धास्ती बसेल म्हणून. अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला साधारण हजारात एकाचा मृत्यू अचानक होतो. बुडून नाही, पडून नाही; बहुधा रात्री, अंथरुणात, फिटनंतर. मोठ्या झटक्यांच्या फिट जितक्या जास्त, तितका हा धोका जास्त, आणि रात्री येणाऱ्या फिटमध्ये, खोलीत दुसरं कोणी नसताना तो आणखी वाढतो. हजारात एक हा आकडा लहान आहे आणि तो लहानच समजावा. पण भावाची दुसरी फिट झोपेतली असल्याने तो त्याच्या हिशोबात यायला हवा. फिट थांबल्या की हा धोकाही बराच उतरतो, आणि माझ्या मते गोळीच्या बाजूने असलेलं सगळ्यात वजनदार कारण हेच आहे.

आता तोटे. लिव्हर-किडनीची भीती आधी निकालात काढू. लेव्हेटिरासिटामचा लिव्हरवर जवळपास भारच पडत नाही. ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करतात. हेच वाक्य लोक उलटं वाचतात आणि "किडनी खराब होते" असं पसरवतात. खरा त्रास वेगळाच आहे. पहिले एक-दोन आठवडे झोपाळल्यासारखं, गरगरल्यासारखं होतं आणि ते बहुतेकांचं ओसरतं. चिडचिड मात्र सगळ्यांची ओसरत नाही. ती पेशंटला स्वतःला कळतही नाही. माझ्याकडे एक हिशेबनीस यायचे, अत्यंत शांत माणूस. गोळी सुरू करून महिना झाला होता. "कसं वाटतंय?" विचारलं तर म्हणाले, "उत्तम." शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पूर्वी पेनाचं टोपण हरवलं तर शोधत बसायचे. आता घर डोक्यावर घेतात." औषध बदललं, काही आठवड्यांत टोपणं पुन्हा शांतपणे शोधली जाऊ लागली. तेव्हापासून गोळी सुरू करताना घरातल्या एकाला मी ते काम लावूनच देतो. तुमच्याकडे ते काम तुम्ही घ्या. भावाला आधी नैराश्य आलं असेल किंवा त्यावर उपचार चालू असतील, तर ते डॉक्टरांना आजच सांगा; मग बहुधा दुसरं औषध निवडलं जाईल. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली या सगळ्या वर्गाच्या औषधांचा एकत्र आढावा घेतला. आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत ०.४३ टक्के आणि तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत ०.२४ टक्के आढळलं. फरक अगदी बारीक आहे, पण मनःस्थिती एकदम खालावली तर "होईल ठीक" म्हणून थांबू नये, इतकं त्यातून नक्की निघतं.

दुसरा पर्याय काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटसाठी लॅमोट्रिजिन हे तोडीस तोड औषध आहे. ब्रिटनमध्ये २०२१ साली आलेल्या मोठ्या तुलनेत अशा अपस्मारासाठी ते लेव्हेटिरासिटामपेक्षा सरसच ठरलं, आणि मन:स्थितीवरही ते सौम्य असतं. मग पहिलं तेच का नाही? कारण ते हळूहळूच चढवावं लागतं. दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, असं करत पूर्ण डोस यायला दीड-दोन महिने जातात. घाई केली तर अंगावर पुरळ येण्याची, क्वचित कातडी सोलवटणारी गंभीर प्रतिक्रिया येण्याची भीती असते. लेव्हेटिरासिटाम पहिल्या आठवड्यापासून काम करतं. सात महिन्यांत दोन फिट आलेल्या माणसाला काही डॉक्टर आधी ते देतात आणि ते मानवलं नाही तर लॅमोट्रिजिनकडे वळतात. मला त्यात काही गैर दिसत नाही.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात. कार्बामाझेपिन जुनं आणि चांगलं, पण ते सोडियम उतरवतं, गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ करतं, आणि एचएलए-बी १५०२ हा जनुकीय प्रकार अंगात असेल तर त्वचेची भयंकर प्रतिक्रिया होऊ शकते. हा प्रकार आशियाई वंशाच्या लोकांत जास्त असतो, म्हणून त्यांच्यात आधी रक्ताची चाचणी करावी. फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. हिरड्या सुजवतं, आणि डोस जरासा वाढवला की रक्तातली पातळी एकदम उडी मारते, मग माणूस झिंगल्यासारखा चालतो. टोपिरामेटने वजन उतरतं म्हणून काहींना आवडतं, पण त्याने शब्द अडतात. एका शिक्षिकेचा शब्द फळ्यासमोर हरवायचा. मुलांनी तो पुरवला की त्यांना रडू यायचं. कागदावर हा "सौम्य दुष्परिणाम" होता.

प्रश्न भावाबद्दल असला तरी वाचणाऱ्यांत बहिणीही असतील, म्हणून इथे थोडं थांबतो. व्हॅल्प्रोएट हे अनेक प्रकारच्या अपस्मारावर फार प्रभावी औषध आहे, पण गरोदरपणात ते चालू असेल तर सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक-भाषिक वाढीवर परिणाम होतो. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाममध्ये व्यंगांचं प्रमाण सर्वसाधारण गरोदरपणाच्या जवळपासच राहतं. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला दुसरा मार्ग असताना व्हॅल्प्रोएट देऊ नये. आणि याची दुसरी बाजू: दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळी स्वतःहून बंद करणं हे त्याहून घातक. मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात घालते. अशा वेळी फोन उचलायचा, गोळी थांबवायची नाही.

"जन्मभर" हा शब्द भावाला सगळ्यात जास्त खुपतोय असं दिसतं. तो डॉक्टरांनी वापरला की घरच्यांनी, ते मला ठाऊक नाही, पण आज तो कोणीच वापरू नये. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नाही, की गोळी कमी करायचा विषय काढता येतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, किमान दोन वर्षं फिटमुक्त असलेल्या १०१३ लोकांपैकी निम्म्यांची औषधं हळूहळू बंद केली. पुढच्या दोन वर्षांत बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के फिटमुक्त राहिले. चालू ठेवलेल्यांपैकी ७८. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. बंद केल्यावरही निम्म्याहून जास्त लोक ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही पाचांतल्या एकाला फिट आलीच. मग त्या वेळी नोकरी कोणती, गाडी चालवणं किती गरजेचं, ईईजी काय म्हणतो, यावर ठरतं. काही प्रकारांत मात्र बंद केल्यावर फिट बहुधा परततेच. किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार असा आहे की सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसतो, टूथब्रश किंवा कप हातातून उडतो, आणि पुढे कधीतरी मोठी फिट येते. भावाचं असं काही होत असेल तर नक्की सांगा, कारण त्यात निदानही बदलतं आणि कार्बामाझेपिनसारखी औषधं उलटतात.

गोळी नको म्हणणं योग्य ठरेल अशाही जागा आहेत. तापात फिट येणाऱ्या लहान मुलांना रोजचं औषध सहसा लागत नाही. शाळकरी वयात रात्री तोंडाच्या एका बाजूला झटके येण्याचा एक सौम्य प्रकार पौगंडावस्थेत आपोआप जातो. तिथे आईवडिलांशी बोलून मी बरेचदा थांबतो. एकच फिट, दोन्ही तपासण्या स्वच्छ, अशा माणसालाही थांबता येतं. तुमचा भाऊ यांपैकी कशातच बसत नाही. दोन फिट, त्यातली एक झोपेतली, आणि ईईजीत दोष. तो माझा पेशंट असता, तर गोळी सुरू कर असंच मी म्हटलं असतं, आणि आडपडदा न ठेवता म्हटलं असतं.

पण मी ते जन्मठेपेसारखं सांगितलं नसतं. सहा महिने प्रयोग म्हणून घे, असं सांगितलं असतं. पहिल्या सहा आठवड्यांत तू आणि बहीण, दोघांनी वेगवेगळं लिहा: झोप, चिडचिड, कामातलं लक्ष. पुन्हा काही झालं तर मोबाईलवर चित्रण करा, कारण माझ्यासाठी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा पानांच्या वर्णनाहून उपयोगी असतो. त्रास झाला तर औषध बदलू. पण एका दिवसात स्वतःहून बंद करायचं नाही, कारण अचानक बंद केल्याने एकामागून एक फिट येऊ शकतात. आणि निर्णय शेवटी त्याचाच. आईच्या धाकाने सुरू झालेली गोळी महिनाभरात चुकायला लागते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. घेणार नाही असंच त्याने ठरवलं, तर तेही डॉक्टरांना तोंडावर सांगू दे. मग निदान पोहणं, गाडी, उंची यांबद्दल आणि रात्री खोलीत कोणी असण्याबद्दल बोलणं तरी होईल.

गोळ्या सुरू झाल्यावर दोन गोष्टी हमखास घडतात, त्यांची तयारी असू द्या. एक, गोळी चुकते. आठवल्याबरोबर घ्यायची, पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. लेव्हेटिरासिटामची रक्तातली पातळी सहा ते आठ तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे एखाद्या सलग दिवसाचा खाडा त्याला महागात पडू शकतो. दुसरं, गोळी चालू असतानाही एखादी फिट येते. तेव्हा कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा, आणि पाच मिनिटं ओलांडली तर थेट हॉस्पिटल गाठा. चालू फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवायचा का, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. अशी एक फिट आली म्हणजे औषध फुकट गेलं असं नाही. गोळी चुकली होती का, ताप होता का, जागरण झालं होतं का, हे आधी पाहतात. आणि ५०० मिलिग्रॅम दोनदा हा सुरुवातीचा डोस आहे. गरज पडली आणि सोसलं तर तो टप्प्याटप्प्याने १५०० दोनदापर्यंत वाढवता येतो.